तेशिगाहारा, सोफू

(१७ डिसेंबर १९००–५ सप्टेंबर १९७९). आधुनिक जपानी पुष्परचनाकार व इकेबाना कलेतील सोगेत्सू संप्रदायाचा संस्थापक. वडील वाफू हे पुष्परचनेचे शिक्षक. सोफूचे शिक्षण त्यांच्याकडेच झाले. तथापि ठराविक नियमांची पुनरावृत्ती मान्य नसल्याने त्याने १९२७ मध्ये स्वतंत्र संप्रदाय स्थापन केला.

पारंपरिक जपानी घरात पुष्परचना ‘तोकोनोमा’ या कोनाड्यात मांडीत. चटईवर बसलेला प्रेक्षक ती समोरूनच पाही. साहजिकच रचनेचे रूप कोनाड्याच्या बंधनात राहिले. पाश्चात्त्य धर्तीच्या इमारतींत हा कोनाडा उरला नाही; त्यामुळे सर्व बाजूंनी पाहता येईल अशा रचनेची गरज निर्माण झाली. ती सोफूने ओळखली. कोणीही, कोठेही व कोणत्याही साहित्यातून पुष्परचना करावी, असे त्याचे प्रतिपादन होते.

या मोकळिकीला मोजमापाची शिस्त आहे. सोगेत्सू रचनेत ‘शिन’, ‘सोए’ व ‘हिकाए’ या तीन प्रमुख फांद्या असतात. शिनची लांबी सामान्यतः पात्राचा व्यास व उंची यांच्या बेरजेच्या दीडपट, सोएची शिनच्या पाऊणपट आणि हिकाएची सोएच्या पाऊणपट असते. पात्राचा व्यास ३० सेंमी. व उंची ६ सेंमी. असल्यास शिन ५४ सेंमी., तर सोए सु. ४० सेंमी. भरते. मूलभूत उभ्या रचनेत या फांद्या लंबरेषेपासून अनुक्रमे १५°, ४५° व ७५° कलवितात. त्यांमुळे जी पोकळी साकारते, तिला फांद्यांइतकेच महत्त्व असते. वास्तुरचनेशी या कलेचे नाते येथेच जुळते.

दुसऱ्या महायुद्धानंतर सोफूने लोखंड, दगड, वाळकी लाकडे व मुळे वापरून भव्य रचना केल्या. फुलांवाचूनच्या रचनेस इकेबाना म्हणावे काय, असा वाद त्यातून उद्‌भवला. निसर्गातील फूल सुंदर असले, तरी मांडणीचे सौंदर्य माणसालाच निर्माण करावे लागते, अशी त्याची भूमिका होती.

टोकिओतील संप्रदायाची १९७७ मधील इमारत केंझो टांगे या वास्तुशिल्पज्ञाची असून, तिच्या दालनातील पायऱ्यापायऱ्यांची पाषाणवाटिका इसामू नोगुचीने रचली. सोफूचा मुलगा, चित्रपटदिग्दर्शक हिरोशी (१९२७–२००१) १९८० मध्ये संप्रदायप्रमुख झाला. त्याने चिरलेले बांबू वाकवून कमानदार मार्ग उभारले. प्रेक्षक रचनेसमोर उभा न राहता तिच्यातून चालू लागला. प्रदर्शन संपताच असे मार्ग उतरविले जात. वास्तूचा विस्तार लाभूनही फुलाची क्षणभंगुरता या कलेने सोडली नाही.