क्षयरोगाचा भास निर्माण करणारा न्यूमोनिया : मेलिऑइडोसिस

दीर्घकाळ ताप, खोकला, घटलेले वजन आणि छातीच्या क्ष-किरण चित्रात दिसणारा डाग ही लक्षणे आढळली की भारतात प्रथम क्षयरोगाची शंका घेतली जाते. मात्र थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नसतील आणि औषधांनीही उतार पडत नसेल, तर मेलिऑइडोसिस या जिवाणूजन्य आजाराचा विचार करणे आवश्यक ठरते. निदानातील विलंब रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो.

या आजाराचे वर्णन १९१२ साली रंगून येथे आल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी यांनी केले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार जगात दरवर्षी अंदाजे १ लाख ६५ हजार व्यक्तींना हा आजार होतो आणि ८९ हजार जण दगावतात.

चेन्नईतील संदर्भ

क्षयरुग्णांवर घरी राहूनही यशस्वी उपचार करता येतात, हे १९५६ साली चेन्नईत स्थापन झालेल्या संशोधन केंद्राने जगाला दाखवून दिले. याच तमिळनाडूत मेलिऑइडोसिसचेही रुग्ण आढळतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने अशा अनेक रुग्णांची नोंद केली आहे.

संसर्ग कसा होतो?

बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय हा जिवाणू ओलसर माती व साचलेल्या पाण्यात असतो. त्वचेवरील जखमा, श्वास किंवा दूषित पाणी यांद्वारे तो शरीरात प्रवेश करतो. त्यामुळे पावसाळ्यात, म्हणजे चेन्नईत मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरदरम्यान, अधिक दक्षता हवी. मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण, मद्याचे अतिसेवन करणारे आणि शेतात राबणारे यांना धोका अधिक असतो. माणसाकडून माणसाला संसर्ग क्वचितच होतो.

निदान

रक्त, थुंकी, लघवी किंवा पू यांच्या नमुन्यांतून जिवाणूंची वाढ करून पाहणे, म्हणजेच कल्चर, ही निदानाची प्रमुख चाचणी होय. शक्यतो प्रतिजैविके सुरू करण्यापूर्वीच नमुने घ्यावेत. हा जिवाणू प्रयोगशाळेत स्यूडोमोनास समजला जाण्याची शक्यता असल्याने डॉक्टरांनी आपली शंका प्रयोगशाळेस आधीच कळविणे हितावह असते. यकृत, प्लीहा किंवा प्रोस्टेट ग्रंथीत गळू आढळल्यास शंका बळावते.

उपचार

पेनिसिलिन व जेंटामायसिन ही औषधे सहसा निष्प्रभ ठरतात. सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम शिरेवाटे किमान दोन आठवडे दिले जाते. त्यानंतर को-ट्रायमोक्सॅझोलच्या गोळ्या किमान तीन महिने घ्याव्या लागतात. बरे वाटू लागताच गोळ्या बंद केल्यास आजार उलटण्याचा धोका असतो.

प्रतिबंध

या आजारावर अद्याप लस उपलब्ध नाही. चिखलात काम करताना बूट व हातमोजे वापरणे, जखमा झाकणे, स्वच्छ पाणी पिणे आणि मधुमेह नियंत्रणात ठेवणे हेच प्रमुख उपाय आहेत. क्षयरोगाचे उपचार सुरू असलेल्या रुग्णांनी मात्र स्वतःहून औषधे थांबवू नयेत. गुण येत नसल्यास डॉक्टरांकडे फेरतपासणीचा आग्रह धरावा.