मिलिटरीत घाला, सरळ होईल!

मंडळी, आमच्या वडूजकडे एक रामबाण औषध पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पोरगं शाळा बुडवायला लागलं, बिड्या ओढताना सापडलं, आईला उलट बोललं, की कोणीतरी काका-मामा पारावर बसल्याबसल्या सांगतोच, "मिलिटरीत घाला त्याला, सरळ होईल!"

माण-खटावच्या दुष्काळी मुलखात हे सुचणं साहजिक आहे. पावसाचा भरवसा नाही आणि फौजेचा पगार मात्र एक तारखेला. घराआड एक फौजी असलेली गावं आपल्याकडे कमी नाहीत. आता नात्यातल्याच दोघातिघांनी मला विचारलं, "तू वाचत असतोस ना, पंधरा-सोळाच्या पोरासाठी फुकटातली मिलिटरी शाळा कुठं आहे का?" उत्तर फोनवर देण्याइतकं छोटं नाही, म्हणून इथे लिहितोय.

अशी शाळा जगात आहे. अमेरिकेत १९९३ साली नॅशनल गार्डनं 'युथ चॅलेंज' नावाचा कार्यक्रम सुरू केला. शाळा सोडलेली किंवा सोडायच्या बेतात असलेली सोळा ते अठरा वर्षांची मुलं-मुली तिथं साडेपाच महिने राहतात. पहाटे उठणं, गणवेश, कवायत, अभ्यास, गावची कामं, सगळं आलं. पैसा घेत नाहीत. पुढे फौजेत गेलंच पाहिजे अशी अटही नाही. हा कार्यक्रम नीट तपासला गेला. प्रवेश मिळालेल्या मुलांची न मिळालेल्यांशी तीन वर्षांनी तुलना केली, तेव्हा पहिल्या गटातल्या ७२ टक्के मुलांकडे शालान्त किंवा त्या तोडीचं प्रमाणपत्र होतं, दुसऱ्या गटात ५६ टक्के. कमाईही पहिल्या गटाची जास्त.

"बघ, म्हटलं नव्हतं!" असं कोणी म्हणायच्या आत पुढचं ऐका. त्याच अमेरिकेत गुन्ह्यात सापडलेल्या पोरांसाठी 'बूट कँप' निघाले होते. तिथंही कवायत, तिथंही आरडाओरडा करणारा सार्जंट. पण अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तर बाहेर पडलेली मुलं पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचं प्रमाण एकंदरीत कमी झालेलं दिसलं नाही.

मग कवायत दोन्हीकडे असताना फरक कशानं पडला? युथ चॅलेंजमध्ये मूल स्वतःच्या मर्जीनं जातं. आणि साडेपाच महिने संपल्यावर त्याच्याच भागातलं एक वडीलधारं माणूस पुढचं वर्षभर त्याच्याशी संपर्क ठेवून असतं. माझ्या मते खरी ग्यानबाची मेख इथे आहे.

आता आपल्याकडे येऊ. साताऱ्याची सैनिक शाळा सगळ्यांना ठाऊक. २३ जून १९६१ ला सुरू झालेली, देशातली पहिली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन होते आणि मुख्यमंत्री आपले यशवंतराव. पण ती काढली एनडीएसाठी मुलं तयार करायला, आणि प्रवेश परीक्षा देऊन. ज्याचं पुस्तकाशी वैर, त्याला ते दार पहिल्याच पायरीवर बंद. फीही आहे, शिष्यवृत्त्या असल्या तरी. म्हणजे ही आधीच सरळ असलेल्या पोरांची शाळा!

वाकड्या पोरांसाठी सरकारनं काढलं ते बोर्स्टल. इंग्लंडातल्या बोर्स्टल गावात १९०२ साली निघालेल्या तरुण कैद्यांच्या शाळेवरून हे नाव पडलं. मुंबई इलाख्यात त्याचा कायदा १९२९ साली झाला. राहणं-खाणं फुकट, शिस्त कडक. पण आत जायचं कोर्टाच्या हुकमानं, आणि बाहेर येताना कपाळावर शिक्का घेऊन. इंग्लंडनं १९८२ च्या कायद्यानं आपली बोर्स्टलं मोडीत काढली.

म्हणजे एका टोकाला परीक्षा, दुसऱ्या टोकाला कोर्ट. अधल्यामधल्या पोरानं जायचं कुठं? याचं उत्तर आपल्या साताऱ्यात फार पूर्वी दिलं गेलं होतं, आणि तेही अशा माणसानं, ज्याला स्वतःला एका बोर्डिंगातून हाकललं होतं.

कुंभोजचा हा भाऊ पायगोंडा पाटील कोल्हापुरात शिकत होता. ओढा अभ्यासापेक्षा कुस्तीकडे आणि पोहण्याकडे. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेला, आणि परतल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला नकार दिला, म्हणून त्याला जैन बोर्डिंगातून काढलं. पुढे तो मॅट्रिकही झाला नाही. आजच्या भाषेत 'वाया चाललेला मुलगा' म्हणायला काय कमी होतं सांगा! शाहू महाराजांनी त्याला आसरा दिला, आणि त्याचे पुढे कर्मवीर भाऊराव पाटील झाले.

कर्मवीरांनी १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला. फी नाही, पण आयतंही काही नाही. दळण, स्वयंपाक, शेतातली कामं, सगळं मुलांनीच करायचं. पहाटे उठण्याची शिस्त कुठल्याही छावणीइतकी. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. तेही मोफत आणि निवासी, 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर.

इथे बंदूक नव्हती, सार्जंट नव्हता. पण आज खाल्लेल्या भाकरीचं पीठ आपण दळलंय, आपण नाही उठलो तर चाळीस पोरं उपाशी राहतील, ही जाणीव शिट्टीपेक्षा जास्त कामाची असावी. आणि वर त्या पोरांना आपली म्हणणारी एक बाई होती.

एक उदाहरण तर आमच्या अगदी उंबऱ्याशी आहे. वडूजहून औंध जवळच, आमच्याच खटाव तालुक्यात. तेव्हा ते वेगळं संस्थान होतं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी शिस्तीचे भोक्ते, शाळाशाळांतून सूर्यनमस्कार घालायला लावणारे. त्याच राजांनी १९३९ च्या सुमारास, मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनियरच्या मदतीनं, आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' वसवलं. खुनाची शिक्षा झालेले कैदी तिथं भिंतीवाचून राहायचे, शेती करायचे. शांतारामबापूंचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' यावरूनच सुचलेला. कथा गदिमांची, आणि ते औंध संस्थानातच वाढलेले. स्वतंत्रपूर मोठ्या माणसांचं होतं, मुलांचं नव्हे, हे मान्य. पण खुन्यावर विश्वास टाकून जर माणूस मिळत असेल, तर शाळा बुडवणाऱ्या पोराची काय कथा!

असो. तर विचारणाऱ्या नातेवाइकांना माझं उत्तर असं. हल्ली जागोजागी भरतीच्या अकादम्या निघाल्यात. पैसे भरून पोरगं धावायला शिकेल, छातीही भरेल, आणि त्याला फौजेतच जायचं असेल तर जरूर पाठवा. पण २०२२ पासून अग्निपथ आहे. चार वर्षांनी चारातला जास्तीत जास्त एकच पुढे कायम राहतो, बाकीचे घरी परत. तेव्हा 'मिलिटरीत घातला की काळजी मिटली' हा आजोबांच्या वेळचा हिशेब आता धरू नका.

आणि पोरगं नुसतं 'सरळ' व्हावं म्हणून कुठेही ठेवणार असाल, तर चार गोष्टी विचारा. तो स्वतः तयार आहे का? तिथं त्याच्यावाचून अडेल असं काही काम त्याच्याकडे असणार आहे का? तिथं त्याला नावानं ओळखणारं कोणी आहे का? आणि तो परत आल्यावर पुढचं वर्षभर त्याच्याकडे बघणार कोण? पहिल्या तिघांची उत्तरं संस्थेत जाऊन मिळतील. चौथ्याचं उत्तर आपल्यालाच द्यायचंय. काका, मामा, पारावरचे सल्लागार, यात आपण सगळेच आलो.