सी. के. प्रल्हाद : गरिबाला 'गिऱ्हाईक' म्हणणारे प्राध्यापक

किराणा दुकानात माळेसारख्या लटकणाऱ्या शाम्पूच्या पुड्या, छोट्या रकमेचा रिचार्ज, बचत गटाला दारात येऊन कर्ज देणारी बँक, शेतमाल थेट विकत घेणारी कंपनीची केंद्रं. मोठ्या कंपन्या खेड्याकडे का वळल्या, हे समजून घ्यायचं तर एका प्राध्यापकाची माहिती हवी. त्यांचं नाव सी. के. प्रल्हाद. पुडी काही त्यांनी शोधली नाही, ती आधीपासूनच दुकानात होती. पण तिच्यामागचा हिशेब त्यांनी जगातल्या बड्या कंपन्यांना समजावून सांगितला.

कोण होते प्रल्हाद?

पूर्ण नाव कोइम्बतूर कृष्णराव प्रल्हाद. जन्म १९४१ चा, तमिळनाडूतल्या कोइम्बतूरचा. वडील न्यायाधीश होते. मद्रासच्या लॉयोला कॉलेजात फिजिक्स शिकून ते युनियन कार्बाइडच्या बॅटरी कारखान्यात लागले. तिथं चार वर्षं काम केल्यावर अहमदाबादच्या आयआयएममध्ये शिकायला गेले. ही संस्था तेव्हा नवीनच होती. पुढे अमेरिकेत हार्वर्डला जाऊन १९७५ मध्ये डॉक्टरेट मिळवली. परत येऊन काही काळ अहमदाबादला शिकवलं आणि मग अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात गेले ते कायमचेच. २००९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १६ एप्रिल २०१० रोजी अमेरिकेतच सॅन दिएगो इथं त्यांचं निधन झालं.

अभ्यास कशाचा?

सुरुवातीचा अभ्यास अनेक देशांत धंदा करणाऱ्या कंपन्यांचा. मुख्य ऑफिस एक सांगतं आणि त्या-त्या देशाची गरज वेगळीच असते, मग मेळ कसा घालायचा? यावर इव्ह दोझ यांच्यासोबत त्यांनी १९८७ मध्ये पुस्तक लिहिलं.

१९९० मध्ये गॅरी हॅमेल यांच्यासोबतचा त्यांचा लेख जगभर गाजला. त्यातलं उदाहरण शेतकऱ्याला लगेच पटेल असं आहे. कंपनी म्हणजे झाड. पानं, फुलं, फळं म्हणजे बाजारात दिसणारा माल. पण झाड उभं असतं मुळांवर. मूळ म्हणजे त्या कंपनीच्या अंगात मुरलेलं कसब. होंडाचं कसब इंजिनात आहे, म्हणून तेच कसब मोटरसायकल, कार आणि जनरेटर या सगळ्यांत कामाला येतं. नुसती फळं बघून झाडाची ताकद कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

धारावीचा हिशेब

२००२ मध्ये त्यांनी आणि ॲलन हॅमंड यांनी मुंबईतल्या दोन वस्त्यांची तुलना मांडली. एक धारावी, दुसरी श्रीमंतांचा वॉर्डन रोड. धारावीतला माणूस पाण्याला ३७ पट, जुलाबाच्या औषधाला १० पट आणि तांदळालासुद्धा १.२ पट जास्त मोजत होता. व्याजाचा फरक तर याहून मोठा. म्हणजे गरिबाला सगळं स्वस्तात मिळतं हा समज खोटा. जवळ धड दुकान नाही, बँक नाही, म्हणून तो मधल्या माणसाच्या हातात सापडतो.

यातूनच २००४ चं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं. 'पिरॅमिडचा तळ' ही त्यातली कल्पना. जगातले सुमारे ४०० कोटी गरीब हे ओझं नाहीत, ते गिऱ्हाईक आहेत, उद्योजक आहेत. त्यांना परवडेल असा चांगला माल द्या, कंपनीलाही नफा होईल आणि गरिबीही हटेल, असा हा विचार. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय, जयपूर फूट, बचत गटांना आयसीआयसीआयचं कर्ज अशी भारतातली कितीतरी उदाहरणं त्यांनी दिली.

ई-चौपाल

आपल्या कामाचं उदाहरण म्हणजे आयटीसी कंपनीची ई-चौपाल. २००० साली मध्य प्रदेशात सोयाबीनसाठी सुरू झाली, पुढे महाराष्ट्रातही आली. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी कॉम्प्युटर. त्याला संचालक म्हणायचं, आणि त्यानं गावासमोर शपथ घ्यायची. माल घराबाहेर काढायच्या आधीच भाव कळायचा. पटला तर कंपनीच्या केंद्रावर न्यायचा, नाही तर मंडी आहेच. केंद्रावर इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन आणि लगेच पैसे.

टीका काय झाली?

मिशिगन विद्यापीठातलेच प्राध्यापक अनिल कर्णानी यांनी २००७ मध्ये या विचारावर कडक टीका केली. पुडी बांधली म्हणून शाम्पू स्वस्त होत नाही, फक्त एका वेळी कमी पैसे लागतात. वर प्लास्टिकचा कचरा होतो तो वेगळाच. गरिबाला माल विकून गरिबी हटत नाही, त्याचा माल विकत घेऊन हटते. म्हणजे त्याच्याकडे गिऱ्हाईक म्हणून नको, उत्पादक म्हणून बघा, असं कर्णानींचं सांगणं.

दोघांचं म्हणणं शेजारी ठेवलं की एक गोष्ट ध्यानात येते. शाम्पूची पुडी आणि ई-चौपाल एकाच पुस्तकात असली तरी शेतकऱ्यासाठी दोन्ही एक नाहीत. पुडीत पैसा आपल्या खिशातून जातो, ई-चौपालमध्ये आपल्या खिशात येतो. आज गावात नवं ॲप किंवा नवी कंपनी आली की हीच कसोटी लावता येते. ती आपल्याला काही विकायला आलीय की आपला माल घ्यायला? भाव आधी सांगते का? काटा आपल्यासमोर होतो का? पैसे कधी देते? आणि भाव पटला नाही तर माल दुसरीकडे न्यायची मोकळीक राहते का? ही शेवटची मोकळीक सगळ्यांत महत्त्वाची. ती असेल तरच शेतकऱ्याला भाव करता येतो.