१२३४५६७८९८७६५४३२१ (डेमलो संख्या)

१२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ ही सतरा अंकी संख्या म्हणजे नऊ एकांनी लिहिलेल्या ११,११,११,१११ या संख्येचा वर्ग होय. डावीकडून वाचली काय किंवा उजवीकडून, ती तीच राहते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेल्या अठरा स्थानांपैकी सतरावे ‘मध्य’ हे स्थान तिच्या पहिल्या अंकाचे आहे.

१, १२१, १२३२१ अशा क्रमाने वाढणाऱ्या या वर्गांना ‘डेमलो संख्या’ हे नाव गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी दिले. कल्याणजवळच्या डोंबिवली स्थानकाला जी. आय. पी. रेल्वेच्या काळात डेमलो म्हणत. कापरेकरांना ही कल्पना तेथे सुचली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणूला जन्मलेले आणि देवळालीला शाळामास्तर म्हणून आयुष्य घालवलेले कापरेकर ६१७४ या स्थिरांकामुळे जगभर ओळखले जातात. डेमलो संख्यांवर त्यांनी के. आर. गुंजीकरांसह १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात लेख प्रसिद्ध केला होता.

अंकांच्या या चढ-उताराचे कारण गुणाकार मांडला की दिसते. नऊ एकांच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकवून एकाखाली एक लिहिल्या असता टोकाच्या स्तंभात एक, त्याच्या शेजारी दोन आणि मधल्या स्तंभात नऊ एक येतात. कोणत्याही स्तंभाची बेरीज नऊच्या पुढे जात नसल्याने हातचा येत नाही. दहा एक घेतले की मधली बेरीज दहा होते, हातचा डावीकडे सरकतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ अशी मोडलेली रचना हाती येते. म्हणून हातच्यावाचून सिद्ध होणारी ही दशमान पद्धतीतील सर्वांत मोठी डेमलो संख्या ठरते.

तिच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे नऊचा वर्ग, आणि त्या बेरजेने तिला निःशेष भाग जातो. असा भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच ‘हर्षद’ म्हटले आहे. भागाकार १२३४५६७९ या, आठाचा अंक गाळलेल्या प्रसिद्ध संख्येचा वर्ग असतो, तर ८१ ने गुणल्यास ९९,९९,९९,९९९ चा वर्ग मिळतो.

मात्र अंकांची मांडणी आणि हर्षदपण हे गुण दशमान लेखनाचे आहेत. अष्टमान पद्धतीत अशी शेवटची मांडणी सात एकांच्या वर्गाने, १२३४५६७६५४३२१ या रूपात साधते. संख्येचे स्वतःचे, लेखनपद्धती बदलली तरी न बदलणारे गुण तिच्या मूळ अवयवांत, म्हणजे ३⁴ × ३७² × ३३३६६७² या गुणाकारात आहेत. घातांकांत प्रत्येकी एक मिळवून गुणले असता (५ × ३ × ३) तिचे एकूण विभाजक ४५ निघतात. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते, कारण वर्गमूळ हा विभाजक जोडीदारावाचून उरतो.