इन्सुलिनच्या गाठी (मांजरांतील)

मधुमेही मांजराला रोज त्वचेखाली इन्सुलिन टोचल्यामुळे टोचण्याच्या जागी येणारा फुगवटा, जाडसरपणा किंवा गाठ. या एकाच नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी येतात. टोचल्याबरोबर उठणारी आणि थोड्या वेळात जिरून जाणारी द्रवाची फुगी, सुई लहान रक्तवाहिनीला लागून साकळलेले रक्त, जंतुसंसर्गाने धरलेले गळू आणि महिनोन्‌महिने एकाच जागी टोचल्याने कातडीखाली वाढलेला तंतुमय किंवा चरबीचा जाड थर, हे त्यांतले नेहमी दिसणारे प्रकार. क्वचित आढळणारा पाचवा प्रकार म्हणजे सार्कोमा हा कर्करोग. हाताला गाठ लागली की मांजर पाळणाऱ्याचे मन साहजिकच या पाचव्या शक्यतेकडे धावते. रोजच्या उपचारात सर्वांत जास्त नुकसान मात्र चौथा प्रकार करतो, आणि ते नुकसान कातडीचे नसून मात्रेचे असते. म्हणून या गाठीकडे त्वचारोग म्हणून पाहण्यापेक्षा इन्सुलिन शरीरात पोहोचण्याच्या वाटेतला अडथळा म्हणून पाहणे अधिक योग्य ठरते.

या तक्रारीचा इतिहास इन्सुलिनइतकाच जुना आहे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोमध्ये लेनर्ड टॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाचा अर्क पहिल्यांदा टोचला गेला, तेव्हा रक्तातली साखर थोडीशीच उतरली आणि टोचल्या जागी गळू झाले. त्यात जंतू नव्हते. दोष अर्कातल्या अशुद्धीचा होता. जेम्स कॉलिप यांनी अर्क शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासूनच्या इंजेक्शनांनी मुलाला स्पष्ट गुण आला. गाठी अशुद्ध औषधामुळे होतात हा समज तेव्हापासूनचा, आणि तो निम्मा खरा आहे. गाईगुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढलेल्या जुन्या इन्सुलिनमुळे माणसांच्या मांडीवर, दंडावर चरबी झडून खळगे पडत. शुद्धीकरण सुधारले, १९८२ साली जनुकीय तंत्राने तयार केलेल्या मानवी इन्सुलिनला मान्यता मिळाली, तसे हे खळगे दुर्मीळ झाले. फुगवटे मात्र राहिले. चरबीच्या पेशींना साठा करायला लावणे हे इन्सुलिनचे कामच असल्याने, औषध कितीही शुद्ध केले तरी एकाच जागी ते पुन्हा पुन्हा सोडल्यास तिथल्या पेशी फुगणारच. स्पेनमधील ४३० रुग्णांच्या पाहणीत (२०१३) सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना असे फुगवटे होते. टोचण्याची जागा नीट बदलणाऱ्यांत ते प्रमाण अवघे ५ टक्के होते. औषधाच्या जातीपेक्षा टोचण्याच्या सवयीकडे बोट दाखवणारा इतका स्वच्छ पुरावा या विषयात दुसरा क्वचितच सापडेल.

मांजराच्या बाबतीत ही सवय मानगुटीभोवती फिरते. तिथली कातडी सैल असते, चिमटीत सहज येते, मांजरही फारसे हलत नाही. म्हणून पहिल्या दिवशी दाखवलेली जागा वर्षभर चालू राहते. दिवसातून दोनदा या हिशेबाने वर्षाला ७३० इंजेक्शने होतात. मानगुटीवर रक्तपुरवठा मुळातच कमी असतो, त्यात वारंवार टोचल्याने तंतुमय ऊती वाढतात. म्हणूनच अमेरिकेतील पशुवैद्यकीय मार्गदर्शिका मानगुटीऐवजी छातीच्या व पोटाच्या बाजू सुचवतात. शिवाय मांजराची मात्रा अतिशय बारीक असते. १०० युनिट शक्तीच्या इन्सुलिनचे एक युनिट म्हणजे एक शतांश मिलिलिटर, साधारण थेंबाचा पाचवा भाग. ग्लार्जिनसारखे दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन आम्लधर्मी द्रावणात असते. कातडीखाली गेल्यावर त्याचे सूक्ष्म कण जमतात आणि ते हळूहळू विरघळत राहतात. असला चिमूटभर साठा रक्तवाहिन्या कमी असलेल्या जाड थरात पडला, तर त्यातला किती भाग केव्हा रक्तात उतरेल याचा भरवसा राहत नाही.

नुकसान होते ते इथे. साखर वरच राहते, मांजर पाण्याच्या भांड्यावरून हलत नाही, मातीच्या ट्रेमध्ये लघवीचे गोळे मोठे होत जातात, आणि मात्रा अर्ध्या-अर्ध्या युनिटने वाढवली जाते. मग एखाद्या दिवशी घरातले दुसरेच कोणी सुई देते, गाठीच्या बाजूला निरोगी कातडीत देते, आणि वाढवलेली सगळी मात्रा एकदम लागू पडते. साखर घसरून मांजर झोकांड्या खाते, झटकेही येऊ शकतात. सुई तीच, कुपी तीच. बदललेली असते ती फक्त दोन बोटे जागा.

यावर पहिला आक्षेप असा की हा पुरावा माणसांचा आहे. ते खरे आहे; मांजरांवरचे स्वतंत्र काम त्या मानाने थोडे आहे, आणि माणसाच्या फुगवट्यात चरबी मुख्य असते तर मांजरात अनेकदा तंतुमय जाडी. पण प्रस्तुत मुद्दा गाठ कशाची आहे यावर उभाच नाही. थर चरबीचा असो वा तंतूंचा, औषधाचे शोषण मंद आणि अनियमित करायला तो पुरेसा असतो. दुसरा आक्षेप परक्या प्रथिनाचा. मांजराचे इन्सुलिन गाईच्या इन्सुलिनपासून एका, डुकराच्या तीन आणि माणसाच्या चार अमिनो आम्लांनी वेगळे असते; तेव्हा दोष औषधाचाच का नसावा? तसे असते तर गाठी एकाच जागी न येता टोचलेल्या प्रत्येक जागी यायला हव्या होत्या. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: साखर न उतरण्याला इतर कारणेही असतात. इंग्लंडमध्ये तपासलेल्या मधुमेही मांजरांपैकी सुमारे चौथ्या भागात वाढसंप्रेरकाचा अतिरेक सूचित करणारी रक्तचाचणी आढळली होती. भारतात तर ४० आणि १०० युनिट शक्तीच्या कुप्या शेजारीशेजारी मिळतात. लाल टोपीची सिरिंज ४० साठी आणि नारिंगी टोपीची १०० साठी असते, आणि त्यांची अदलाबदल झाली की मात्रा अडीच पटीने चुकते. ही कारणे तपासायलाच हवीत. परंतु कातडी चाचपायला पैसे लागत नाहीत आणि दोन मिनिटे पुरतात, म्हणून मात्रा वाढवण्यापूर्वीचे पहिले पाऊल तेच असावे.

चाचपण्याची रीत सोपी आहे. केस किंचित ओले करून बाजूला सारावेत आणि कातडीची घडी अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये हळूच घेऊन पुढेमागे फिरवावी. निरोगी घडी पातळ, सळसळती असते. टोचून टोचून जून झालेली घडी जाड आणि रबरी लागते, दोन थर एकमेकांवर घसरत नाहीत. गरम, दुखरी, मऊ गाठ आणि सोबत ताप किंवा अन्नावरची वासना उडणे हे गळवाचे लक्षण. तिथे घरगुती शेकाशेकी करत बसू नये.

सार्कोमाची भीती निराधार नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील रोगनिदानतज्ज्ञांनी १९९१ मध्ये लसीच्या जागी होणाऱ्या अशा गाठींकडे लक्ष वेधले. पुढे लसीखेरीज इतर इंजेक्शनांनंतरही त्या नोंदल्या गेल्या. लसींबाबतचे सुरुवातीचे अंदाज दर दहा हजार मांजरांमागे एक ते दहा असे होते. म्हणजे धोका दुर्मीळ आहे, आणि त्यापायी इन्सुलिन थांबवणे हा शुद्ध अविचार. उपचाराविना राहिलेला मधुमेह मांजराला फार लवकर मारतो. गाठ इंजेक्शननंतर तीन महिने टिकली, दोन सेंटिमीटरहून मोठी झाली किंवा एका महिन्यानंतरही वाढतच राहिली, तर तुकडा काढून तपासावा, असा पशुवैद्यकातला रूढ दंडक आहे. तो एकदाच दिलेल्या लसीसाठी घडला असल्याने, रोज टोचल्या जाणाऱ्या जागी लागू करताना आधी तिथले टोचणे थांबवावे लागते, नाहीतर महिने मोजायचे कुठून? मानगुटीवरचा सार्कोमा भोवतालच्या निरोगी ऊतीसह काढणे पाठीच्या कण्यामुळे अवघड जाते, हे ती जागा टाळण्याचे आणखी एक कारण.

साध्या गाठीला शस्त्रक्रिया लागत नाही. तिला विश्रांती द्यावी, चोळू नये; अनेक आठवड्यांत ती मऊ होते, काहींची जाडी कायम राहते. डाव्या-उजव्या कुशीत आणि छातीच्या बाजूंना आळीपाळीने, दर वेळी नवी सुई वापरून टोचावे, आणि कोणती बाजू झाली ते कॅलेंडरवर लिहून ठेवावे. गाठीची जागा सोडून निरोगी जागी टोचायला सुरुवात करण्याआधी पशुवैद्याकडून मात्रा नव्याने ठरवून घ्यावी; ती बहुधा कमी करावी लागते.