धान्यातील ओलावा मोजणारे हातातील उपकरण

महाराष्ट्रातील सोयाबीनच्या बाजारात मालाचा भाव ठरवताना हवा, माती आणि डागी हे तीन शब्द कानावर पडतात. यातील ‘हवा’ म्हणजे दाण्यातील ओलावा. हमीभावाने होणाऱ्या खरेदीसाठी सोयाबीनमधील ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आहे. २०२४-२५ च्या खरीप हंगामासाठी क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर झाला होता. परंतु काढणीच्या काळातील पावसामुळे बराच माल या मर्यादेत बसेना. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली.

या तीन टक्क्यांचा अर्थ वजनातही दिसतो. १५ टक्के ओलावा असलेले १०० किलो सोयाबीन १२ टक्क्यांपर्यंत वाळवल्यास सुमारे ९६.६ किलो भरते. वाळवावे की तसेच विकावे, हा निर्णय खळ्यावरच घ्यावा लागतो. आकडा मात्र बहुधा खरेदीदाराच्या यंत्रावर, माल बाजारात उतरल्यानंतरच कळतो. तेथून माल परत नेण्याचे भाडे शेतकऱ्याला परवडत नाही. शेतावर वापरता येईल अशा लहान उपकरणाची गरज आहे ती येथे.

अशा उपकरणाचे तत्त्व सोपे आहे. कोरड्या दाण्याच्या तुलनेत पाण्याची विद्युत धारकता कितीतरी पटींनी अधिक असते. दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये दाणे भरले की ओलाव्यानुसार धारकता बदलते आणि हा बदल टक्केवारीत दाखवला जातो. काही उपकरणे दाणे दाबून त्यांतून जाणाऱ्या विजेचा रोध मोजतात. खरी कसोटी मात्र पुढे आहे. तापमान बदलले की आकडा बदलतो. म्हणून उपकरणात तापमापक असावा लागतो. दाणे सैल भरले की घट्ट, यानेही फरक पडतो. त्यामुळे ठरावीक वजनाचा नमुना घ्यावा लागतो. पावसात नुकताच भिजलेला, वरून ओला व आतून कोरडा दाणा तर उपकरणाला हमखास चकवतो.

प्रत्येक धान्यासाठी मापनाची सारणीही वेगळी असते. जयपूर शहराच्या झोटवाडा या औद्योगिक भागात बसून एखाद्याने आसपासच्या मोहरी, बाजरी आणि गव्हासाठी उपकरण तयार केले, तर ते लातूरच्या सोयाबीनला तसेच लावता येणार नाही. गव्हाच्या सरकारी खरेदीत १२ टक्क्यांपर्यंतचा ओलावा विनाकपात चालतो, १२ ते १४ टक्क्यांदरम्यान किमतीत कपात होते आणि त्यापुढे माल नाकारला जातो. म्हणजे एका टक्क्याची चूकही शेतकऱ्याला महाग पडते. सारणी तपासण्याचा आधार प्रयोगशाळेतील भट्टी हाच: गव्हाचे दळलेले पीठ सुमारे १३० अंश सेल्सिअस तापमानात दोन तास ठेवून घटलेले वजन मोजले जाते. हा वेळ खळ्यावर कोणाकडे असणार?

नमुन्याचा प्रश्न तर उपकरणाच्या बाहेरचाच आहे. ढिगाच्या वरच्या थरातील मूठभर दाणे कोरडे निघतात, तळाचे दमट. पोत्यात पोकळ सळई खुपसून अनेक ठिकाणचे दाणे घ्यावेत, एकत्र मिसळावेत आणि किमान तीन वेळा मोजावे.

धान्य व तेलबियांच्या ओलावामापकांसाठी आंतरराष्ट्रीय कायदेशीर मापन संघटनेची आर ५९ ही स्वतंत्र शिफारस आहे. तराजूवर जसा वजनमाप विभागाचा शिक्का पाहिला जातो, तशी तपासणी ओलावामापकाचीही हवी. शेतकऱ्याच्या हातातील उपकरण आणि खरेदी केंद्रावरचे यंत्र एकाच मानकाला जुळवलेले असतील, तरच शेतकऱ्याच्या आकड्याला वादात वजन येईल. माती आणि डागी दाणे ओळखण्यासाठी मात्र धारकता उपयोगी नाही. तेथे दाण्यांचे छायाचित्र घेऊन त्याचे विश्लेषण करणारी वेगळी यंत्रणा लागते.