वठलेले झाड कोणाला विचारून पाडावे?

सेवानिवृत्तीनंतर सत्तरीतल्या एका गावात मी थोडी जमीन घेतली. जुने भाट, मालक मुंबईला, पंधरा-वीस वर्षे कोणी फिरकलेले नाही. खरेदीआधी झाडे मोजली तेव्हा फणस, कोकम आणि काजूच डोळ्यांत भरले. वठलेली तीन झाडे मी मोजलीच नव्हती. वाटेच्या कडेला शेंडा झडलेला एक माड, पडक्या घरामागे एक रायवळ आंबा आणि ओहोळाच्या काठी एक माटी.

त्या माडाखालून वाड्यावरची पोरे शाळेला जात. एप्रिल संपत आला होता. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळाने गोव्यात केलेली पडझड आपण कोणी विसरलेलो नाही. त्यात माणसेही गेली. पावसाआधी माड आडवा करायलाच हवा होता. माणसे मिळत नाहीत ही तक्रार आपल्याकडे सगळेच करतात. मीही केली, आणि शेवटी कुऱ्हाड, करवत आणि काथ्याचा दोर घेऊन स्वतःच उभा राहिलो. आजोळी लहानपणी झाडे पाडताना पाहिली होती, एवढेच भांडवल.

दोर शिडी पोचली तिथवर बांधला. दुसरे टोक मुलाच्या हातात दिले. वाटेच्या विरुद्ध बाजूला, मोकळ्या जागेकडे खाच घेतली. सातव्या-आठव्या घावाला वर काहीतरी कडाडले. बुंधा जागच्या जागी उभा आणि वरचा अर्धा माड मधूनच मोडून भलत्याच बाजूला, शेजाऱ्याच्या गोठ्यावर! कौलांचा चुराडा झाला. गायी अर्ध्या तासापूर्वी चरायला गेल्या होत्या म्हणून वाचल्या. मुलगा दोर टाकून पळाला होता, त्याच्यापासून चार हातांवर एक तुकडा येऊन पडला.

शेजारचे म्हातारबा धावत आले. वय ऐंशीच्या पुढे. मला वाटले, आता कौलांचा हिशेब मागणार. कौलांबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. त्यांनी मला एवढेच विचारले, "भाटकारा, माड कोणाक विचारून कापलो तुमी?"

त्यातला 'भाटकारा' टोचणारा होता हे वेगळे सांगायला नको. पण प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. माझी जमीन, माझा माड, तोही मेलेला. विचारायचे कोणाला आणि का? पुढचे दोन महिने मी कपाटातली पुस्तके आणि कायद्याची कागदपत्रे चाळत बसलो. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

आधी लाकडाविषयी थोडे. जिवंत झाड पाडताना ज्या बाजूला पाडायचे तिकडे खाच घेतात, मग मागून थोड्या वरच्या पातळीवर कापत येतात आणि मध्ये लाकडाची एक पट्टी शिल्लक ठेवतात. ती पट्टी बिजागरीसारखी वाकते आणि झाडाला ठरलेल्या दिशेने नेते. मेलेल्या झाडात ही बिजागरी नसते. तंतू वाळलेले किंवा कुजलेले, ते वाकत नाहीत, तुटतात. वरच्या वाळक्या फांद्या नुसत्या हादऱ्याने सुटतात. माडाचे तर आणखीच वेगळे. त्याचे टणक लाकूड कडेला असते आणि आत भुसभुशीत गाभा. बाहेरून खांबासारखा दिसणारा माड आतून पोकळ झालेला असू शकतो. म्हणून मेलेल्या माडावर पाडेली चढत नाही, कितीही पैसे द्या. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने बुंधा ठोकून आवाज ऐकायचा असतो, हेही मला माहीत नव्हते. म्हातारबांनी उरलेला बुंधा ठोकून दाखवला. खाली खणखणीत आवाज आला आणि छातीच्या वर नुसता बद्द. "मेल्लें झाड सांगून पडना," ते म्हणाले.

आता विचारण्याविषयी. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त 'वनसंप्रवेश' नावाचा अध्याय आहे. मूर्तीसाठी लाकूड आणायला रानात कसे जावे, हा त्याचा विषय. कोणती झाडे घेऊ नयेत याची लांब यादी तिथे आहे. स्मशानातली, देवळाजवळची, विजेने जळलेली, वाऱ्याने मोडलेली, आणि आपोआप वाळलेली. मेलेले झाड देवाच्या कामाचे नाही, असा त्याचा अर्थ. झाड निवडल्यावर लगेच घाव घालायचा नाही. आदल्या रात्री त्याची पूजा करायची, त्यावर राहणाऱ्या भूतमात्रांना दुसरीकडे वस्ती करण्याची विनंती करायची, आणि सकाळी मध-तूप लावलेल्या कुऱ्हाडीने ईशान्येकडून सुरुवात करायची. झाड कोणत्या दिशेला पडले तर काय फळ, हेही सांगितले आहे. ही अंधश्रद्धा म्हणून सोडून देता येईल. मला मात्र त्यात एक व्यवहार दिसतो. रात्रभराचा अवकाश मिळाला की माणूस झाडाभोवती चार फेऱ्या मारतो, वर बघतो, त्यावर पोळे आहे की घरटे, कल कुठे आहे ते त्याच्या ध्यानात येते. मी तर चहा पिऊन थेट कुऱ्हाडच उचलली होती.

दुसरा कागद आपल्या सर्वांच्या ओळखीचा. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र'. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी लिहिलेले. त्यातला आरमाराच्या प्रकरणातला झाडांविषयीचा उतारा हल्ली शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून सर्रास फिरतो. धोरण महाराजांच्या काळापासूनचे असेलही, कारण पंतांनी महाराजांच्या पदरी काम केले होते. पण शब्द अमात्यांचे आहेत, एवढे भान ठेवायला हरकत नाही. आरमाराला तक्ते लागतात, डोलकाठ्या लागतात. त्यासाठी रानातले सागवान परवानगीने तोडावे. आंबा-फणसही त्या कामाचे, पण त्यांना हात लावू द्यायचा नाही. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. इथवर सगळे सांगतात. मला अडवून धरले ते त्याच्या पुढच्या सूचनेने. एखादे झाड अगदीच जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तरच ते न्यावे. आणि तेही मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने. जबरदस्ती मुळीच करायची नाही.

बघा, कामातून गेलेले झाड! राज्याला लढाऊ गलबते बांधायची आहेत, समोर सिद्दी आहे, फिरंगी आहे, आणि अमात्य सांगतात, त्या म्हाताऱ्या आंब्याच्या धन्याला आधी विचारा. झाड मेले म्हणून त्याच्यावरचा माणसाचा हक्क मेला, असे त्यांना वाटत नाही. अमात्यांची जहागीर गगनबावड्याची. आमची सत्तरी सह्याद्रीच्या त्याच रांगेच्या पायथ्याशी. म्हातारबांनी 'आज्ञापत्र' वाचलेले असण्याची शक्यता शून्य. पण प्रश्न त्यांनी तोच विचारला होता.

तिसरा कागद पोर्तुगीज. व्हिस्कोंद द सेआब्रा यांनी रचलेली १८६७ची नागरी संहिता १८७०पासून गोव्यात लागू झाली. आपण तिची आठवण काढतो ती लग्न आणि वारसाहक्कापुरती. पण त्या संहितेत शेजाऱ्यांच्या झाडांचाही विचार होता. झाड सीमेपासून कितीही अंतरावर लावावे, त्याला बंदी नाही. मात्र त्याची मुळे शेजाऱ्याच्या जमिनीत शिरली किंवा फांद्या त्याच्या हद्दीवर झुकल्या, तर शेजारी त्या कापू शकतो. आधी झाडाच्या मालकाला विनंती करायची आणि तीन दिवस वाट पाहायची. त्याने काही केले नाही तरच कापायचे, तेही सीमेच्या उभ्या रेषेपलीकडे न जाता. गोठ्याकडे कललेला तो माड म्हातारबा किती वर्षे बघत होते कोण जाणे. विनंती करायला मालकच गावात नव्हता. मी आलो तर मीच विचारले नाही.

चौथा कागद आपल्या काळातला, गोवा, दमण आणि दीव वृक्षसंवर्धन कायदा, १९८४. खानापूर-बेळगावकडच्या वाचकांना असाच १९७६चा कर्नाटकाचा कायदा लागू आहे. स्वतःच्या जमिनीतले झाडही वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. झाड मेलेले, रोगट किंवा जीवितास धोकादायक असेल तर परवानगी नाकारू नये, असेही त्यात आहे. आणि धोका अगदी डोक्यावर असेल तर मालकाने झाड पाडावे आणि चोवीस तासांच्या आत कळवावे. म्हणजे माझ्या माडाला सुटका होती, पण मला कायदा ठाऊक नव्हता. खुद्द माडाची तर या कायद्यात मोठीच गंमत झाली आहे. २००८मध्ये त्याला कायद्यात घेतले, २०१६मध्ये वगळले. त्याला फांद्या नसतात म्हणून तो झाडच नव्हे, असा युक्तिवाद तेव्हा झाला होता. गोवाभर ओरड झाली आणि २०१७मध्ये माड पुन्हा झाड झाला, वर राज्यवृक्षाचा मान. ज्या गोव्यात माडावाचून एक विधी होत नाही आणि एक कालवण शिजत नाही, तिथे हा वाद व्हावा, याला काय म्हणावे!

असो. आंब्यासाठी मी रीतसर अर्ज केला. अधिकारी येऊन पाहून गेले, परवानगी आली. शेजारच्या गावातले दोघे भाऊ हे काम करतात, त्यांना बोलावले. ते वठलेल्या आंब्यावर चढलेच नाहीत. बाजूच्या जिवंत फणसावर चढले, तिथून आंब्याच्या फांद्यांना दोर लावले आणि शेंड्यापासून एकेक तुकडा कापून खाली सोडत आले. दीड दिवस लागला. त्यांची मजुरी ऐकून आधी मला महाग वाटली होती. काम बघितल्यावर मी घासाघीस केली नाही. पहिल्या दिवशी सकाळी म्हातारबांनी राखणदाराच्या जागेवर नारळ आणि विडा ठेवला, मलाही हात जोडायला लावले. ते काय पुटपुटले ते मला नीट कळले नाही, माझे आणि मुलाचे नाव तेवढे ऐकू आले.

ओहोळाकाठची माटी तशीच उभी आहे. तिच्या पडण्याच्या कक्षेत घर नाही, वाट नाही. सुतारपक्ष्याने तिला भोके पाडली आहेत आणि एका भोकात पोपटांचे जाणे-येणे सुरू आहे.

कौले मी पंचायतीच्या चावडीवर बोलणे होण्याआधीच आणून दिली. माडाचा खालचा खणखणीत बुंधा म्हातारबांनी मागून घेतला. या वेळी मात्र त्यांनी मला विचारले, "न्हेवूं मरे?" तो आता त्यांच्या घरापुढच्या ओहोळावर साकव म्हणून पडला आहे. पावसात फार निसरडा होतो, काठी घेऊन जावे लागते.